एकदा दाबलं, दोनदा गेलं: पाढ्यांच्या आर्केड पेटीतला परत परत येणारा घोळ

आधी दुखणं काय ते सांगतो. पडद्यावर ७ × ८ येतं, खाली चार रंगांत चार आकडे, पोरगं ५६ चं हिरवं बटण दाबतं, टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात, आणि पुढचं गणित पडद्यावर येतं न येतं तोच भोंगा वाजतो, चूक! पोराने पुढचं गणित अजून वाचलेलंसुद्धा नसतं. दर वेळी होत नाही, दहा-पंधरा गणितांत एखाद्या वेळी होतं, आणि मी समोर उभा राहिलो की हमखास होत नाही. तीन-चार महिन्यांत हा घोळ माझ्याकडे चार वेळा आला, एक वेळ सोडली तर तक्रार तीच, "एकदा दाबलं तरी दोनदा जातं", आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून सविस्तर लिहितोय, कोणी असली पेटी करत असेल तर माझ्यासारखं आंधळेपणाने आकडे वरखाली करत बसू नका.

पेटी काय आहे ते थोडक्यात. आमच्या घरी बायको जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पुण्यापासून तासाभरावरचं गाव, तिसरी-चौथीच्या पोरांचे पाढे पक्के व्हावेत म्हणून काहीतरी कर असं ती दोन वर्षं म्हणत होती. लहानपणी एक रुपया टाकून पार्लरमधे गेम खेळलेला माणूस मी, मला दुसरं काय सुचणार. बारा मिलिमीटरचा प्लाय, जुना १७ इंची मॉनिटर, आत रास्पबेरी पाय ३ बी प्लस (तळहाताएवढा संगणक, पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो), गेम पायथनमधे पायगेम ही गेमसाठीची लायब्ररी वापरून मीच लिहिलेला. बटणं बुधवार पेठेतून आणली, चार रंगांची चार आणि एक स्टार्टचं पांढरं, आतमधे मायक्रोस्विच, म्हणजे टिक वाजणारा छोटा स्विच, असतो ती आर्केडवाली. मधे कुठला एनकोडर बोर्ड (बटणांचे दाब यूएसबीवरून कळवणारा) नाही, बटणांच्या वायरी सरळ पायच्या जीपीआयओ पिनांवर, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या पिनांवर. सुतारकाकांनी पेटी झकास केली, फक्त पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या उंचीची केली होती, मग खालून कापून बटणांची फळी जमिनीपासून २६ इंचावर आणली, तिसरीच्या पोरांच्या कोपराच्या जरा खाली येते ती. एमडीएफ घेऊ नका एवढंच सांगतो, शाळेच्या व्हरांड्यात पावसाळ्यात फुगून येतो.

आवाज बायकोचा आहे. "सात आठे किती?" असं ती विचारते आणि उत्तर आल्यावर आकडा बोलते. त्यावरून पण घरात वाद झाला, कारण २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, तर आता त्रेसष्ट म्हणायचं का साठ तीन? शेवटी दोन्ही रेकॉर्ड केलं, आधी त्रेसष्ट मग साठ तीन, आणि त्यामुळे बरोबर उत्तरानंतरचा सोहळा लांबला, टाळ्या धरून पावणेदोन सेकंद. हे पावणेदोन सेकंद लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मी चक्क पोरांवर ढकललं. दोनदा दाबत असतील, पोरंच ती. बायको म्हणाली नाही रे, मी बघितलंय. मग इंटरनेटवर शोधलं, सगळीकडे एकच उत्तर, बाउन्स. स्विचच्या आतल्या पत्र्या एकमेकींवर आपटल्या की लगेच स्थिर होत नाहीत, थरथरतात, तेवढ्यात पायला दोन-तीन वेळा दाबल्यासारखं दिसतं, तर डिबाउन्स टाका. टाकला. पण टाकला कसा, तर बटण ३०० मिलीसेकंद सलग दाबलेलं असेल तरच ते खरं मानायचं. आता हे वाचूनच ज्यांना कळतं त्यांना हसू येईल, साधी टिचकी मारली की बटण जेमतेम शंभर मिलीसेकंद खाली असतं. झालं काय की हलक्या हाताच्या पोरांची उत्तरं जाईचनात, आणि बुक्की मारणाऱ्यांची जायची. आणि दुप्पट उत्तरं थोडी कमी झाली पण थांबली नाहीत, त्यामुळे मला वाटलं रस्ता बरोबर आहे, अजून वाढवू, ४०० करू. एक आठवडा यात घालवला. थोडंसं बरं वाटणं हे कसलं फसवं असतं!

वाट दाखवली ती चौथीतल्या एका मुलीने. तिचे पाढे वीसपर्यंत तोंडपाठ, आणि मशीन तिलाच सगळ्यात जास्त वेळा चूक म्हणायचं. आधी ती रुसून खेळायची बंद झाली, मग परत आली आणि एकदम बिनचूक खेळायला लागली. बाईंनी विचारलं तर म्हणे, "उत्तर दिलं की मी हात पाठीमागे बांधते, मग ते खोटं बोलत नाही." बायकोने घरी येऊन हे सांगितलं आणि मी जेवता जेवता थांबलो. हात पाठीमागे बांधल्याने बाउन्स थांबत नाही हो. बाउन्स हा मिलीसेकंदांचा खेळ आहे, चांगल्या मायक्रोस्विचचा दहाच्या आत संपतो, आणि आमचं दुसरं उत्तर जात होतं ते पावणेदोन सेकंदांनी, नवं गणित आल्यावर. मी दोन उत्तरांमधलं अंतर कधी मोजलंच नव्हतं.

तर सगळ्यात आधी करायचं काम हे, लॉग लिहा. गेमला हात लावायच्या आधी, स्विच बदलायच्या आधी, काहीही खरेदी करायच्या आधी. प्रत्येक वेळी बटण खाली गेलं की एक ओळ, वर आलं की एक ओळ, कुठलं बटण आणि किती वाजता, आणि तिसरी ओळ गेमने ते उत्तर म्हणून उचललं तेव्हाची. ही तिसरी फार महत्त्वाची, कारण बटण दाबलं ती वेळ आणि गेमने ते मोजलं ती वेळ एकच असते हे आपण धरून चालतो. वेळ घेताना टाइम डॉट टाइम वापरू नका, टाइम डॉट मोनोटोनिक (पाय चालू झाल्यापासूनचे सेकंद) वापरा. या पायमधे घड्याळाची बॅटरी नसते, चालू झाल्यावर नेट मिळालं की वेळ एकदम उडी मारते, माझ्या पहिल्या लॉगमधे दोन दाबांत चार तासांचं अंतर आलं होतं आणि मी अर्धा तास त्याचा अर्थ लावत बसलो होतो.

लॉग बघितला आणि पाच मिनिटांत पहिलं कारण उघडं पडलं. असं होत होतं की उत्तर बरोबर आलं की माझा प्रोग्राम टाळ्या वाजवून टाइम डॉट स्लीप करून झोपायचा, पण बटणांचं काम बघणारा भाग वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर, जागाच असायचा आणि प्रत्येक दाबाला पायगेमच्या रांगेत एक इव्हेंट, म्हणजे दाबाची नोंद, टाकत राहायचा. पोरगं खूश झालं की काय करतं? बटण बडवतं. धडाधड धडाधड. ते सगळे दाब रांगेत उभे, आणि प्रोग्राम जागा होऊन नवं गणित दाखवलं की रांगेतला पहिला दाब त्या नव्या गणिताचं उत्तर म्हणून खपायचा. आधीचं उत्तर हिरवं होतं म्हणून पुढच्यालाही हिरवंच. लॉगमधे स्वच्छ दिसत होतं, बटण दाबलं आणि गेमने ते उचललं यात कधी ०.४ सेकंद कधी १.३ सेकंद. म्हणजे पोरांनी खरंच दोनदा दाबलं होतं, मी पहिल्या दिवशी म्हणालो ते शब्दशः खरं होतं, फक्त चूक माझी होती.

उपाय तीन भागांत केला. नवं गणित पडद्यावर काढून झालं की रांगेतले बटणांचे इव्हेंट पुसायचे, पायगेम डॉट इव्हेंट डॉट क्लिअर, पण त्याला इव्हेंटचा प्रकार द्यायचा, नाहीतर बंद करण्याचा इव्हेंट पण पुसला जातो आणि मग गेम बंद का होत नाही म्हणून नवीनच तपास. दुसरं, स्लीप काढून टाकलं, त्याऐवजी सोहळा चालू आहे, प्रश्न चालू आहे, वाट बघतोय अशा अवस्था ठेवल्या आणि सोहळ्याच्या अवस्थेत आलेला दाब तिथेच टाकून द्यायचा. तिसरं, जे लोक विसरतात, नवं गणित आल्यावर सगळी बटणं एकदा वर आलेली दिसल्याशिवाय उत्तर घ्यायचंच नाही, कारण काही पोरं बटणावर हात टेकवूनच उभी असतात. आता प्रश्न असा की उत्तर घ्यायला सुरुवात कधी करायची, आकडे दिसले की, का बाईंचा आवाज संपला की? मी आकडे दिसले की लगेच घेतो. ज्याला सात आठे छप्पन्न येतं त्याने आवाज संपेपर्यंत का थांबावं.

यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. गेम दर शनिवारी एक तक्ता काढायचा, कुठल्या पोराला कुठला पाढा कच्चा, आणि बायको त्यावरून सराव द्यायची. आता विचार करा, बटण कोण बडवतं? ज्याचं उत्तर बरोबर आलंय तो. म्हणजे ज्याला येत होतं त्याच्याच पुढच्या गणितावर काट मारली जात होती, आणि ज्याचं चुकलं तो गप्प हात खाली घेऊन उभा राहायचा म्हणून त्याचं पुढचं गणित सुखरूप. हुशार पोरं कच्ची दिसत होती आणि कच्ची पोरं बरी दिसत होती, आणि हा तक्ता पाच आठवडे खरा धरला गेला. सगळा जुना हिशेब पुसून टाकला. तुमच्या गेममधे गुण साठवत असाल तर दुरुस्तीच्या तारखेच्या आधीचे आकडे ठेवू नका, मोह होतो, ठेवू नका.

तीन आठवडे शांततेत गेले. मग परत, "एकदा दाबलं तरी दोनदा जातं." पण आता लॉग होता. आणि यावेळी चित्र अगदी वेगळं, फक्त लाल बटण, आणि दोन दाबांत अंतर ६ ते १५ मिलीसेकंद. माणसाच्या बोटाला हे शक्य नाही. हा खरा बाउन्स. मला वाटलं झालं, स्विच गेला, नवीन आणू. पण पेठेत जायचं म्हणजे अख्खा रविवार, म्हणून त्याआधी एक फुकटची परीक्षा केली, लाल बटणाचा मायक्रोस्विच काढून निळ्याला लावला आणि निळ्याचा लालला. घोळ स्विचबरोबर निळ्याकडे गेला तर स्विच खराब, घोळ लालपाशीच राहिला तर वायर किंवा जोड. राहिला लालपाशीच. वायर ओढून बघितली तर स्विचच्या पातीवर बसवलेली टोपी, जिला आपण लग म्हणतो, ती सैल. दुकानात दोन मापांच्या मिळतात, ४.८ मिलिमीटर आणि ६.३, माझ्या स्विचच्या पात्या ४.८ च्या आणि एक पाकीट ६.३ चं आलं होतं, मी पक्कडीने चेपून बसवून टाकल्या होत्या की चालतंय, मधे आमच्या भावकीतलं लग्न होतं, घाईत होतो. बुक्की बसली की टोपी हलायची आणि संपर्क तुटून परत जुळायचा. योग्य मापाच्या लग आणून नीट क्रिंप केल्या, संपलं.

तरी डिबाउन्स ठेवलाच, पण आता शहाण्यासारखा. पहिला दाब आला की तो लगेच घ्यायचा, आणि मग त्याच बटणाचं २५ मिलीसेकंद काही ऐकायचं नाही. आधी थांबून मग खरं मानणं आणि आधी घेऊन मग कान बंद करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्यात पोराला बटण जड वाटतं, दुसऱ्यात काही कळतसुद्धा नाही.

तिसऱ्या वेळची गंमत खरी. जुलै संपताना निरोप आला, "मशीन मधल्या सुट्टीत स्वतःच खेळतं." पोरांनी तर भुताची गोष्टच केली होती, कोणीही समोर नसताना भोंगा वाजतो. लॉग उघडला. दाब दिसतायत, कधी पिवळा, कधी निळा, कधी तिन्ही-चारही एकदम, आणि प्रत्येक दाब एक-दोन मिलीसेकंदांत संपलेला. बोटाने कितीही चपळाईने दाबलं तरी बटण एवढ्यात वर येत नाही. म्हणजे हा दाबच नाही, वायरीवर आलेला विजेचा कचरा. पण कुठून? वेळा बघितल्या, पाय चालू झाल्यापासूनचे सेकंद मोजून घड्याळाशी जुळवल्या, तर सगळे दाब शाळेच्या तासांच्या वेळेला. शाळेत घंटा आहे विजेची, जुनी, आत हातोडी टण टण करणारी, आणि ती पेटीच्या बरोबर वर व्हरांड्यात. असल्या घंटेत विजेचा प्रवाह सेकंदाला कितीतरी वेळा तुटतो-जुळतो, आत ठिणग्या पडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे आजूबाजूच्या वायरींना एक धक्का.

आता पुढचा प्रश्न, चारही रंगीत बटणं भुताटकी करतात पण स्टार्टचं पांढरं एकदाही नाही, असं का? ते तर सगळ्यात लांब, त्याची वायर सगळ्यात मोठी. यावर दोन रात्री डोकं खाजवलं. उत्तर पिनांमधे होतं. रंगीत बटणं होती जीपीआयओ १७, २७, २२ आणि २३ वर, पायच्या आतला पुल-अप चालू करून. बटण सुटं असताना पिनला ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा हा आतला रेझिस्टर साधारण ५० किलोओहमचा, म्हणजे धरणं कसलं, नुसतं बोट टेकवल्यासारखं, प्रवाह जेमतेम शून्य पूर्णांक शून्य सात मिलीअँप. आणि स्टार्ट होतं जीपीआयओ ३ वर, कारण त्या पिनवर बटण असलं की बंद केलेला पाय परत चालू करता येतो. जीपीआयओ २ आणि ३ या दोन पिनांना बोर्डावरच १.८ किलोओहमचा पुल-अप कायमचा बसवलेला असतो. तो घट्ट धरतो, म्हणून घंटेचं काही चाललं नाही. घरात बसून मी कितीही विचार केला असता तरी हे कळलं नसतं, जे बटण बिघडत नाही त्याच्याकडे बघितल्यावर कळलं.

मग बाकी चौघांना पण बाहेरून ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावला, पिनपासून ३.३ व्होल्टच्या पिनला. ३.३ च्याच, पाच व्होल्टला चुकूनही नाही, पायच्या पिना पाच व्होल्ट सोसत नाहीत, बोर्ड जातो. जोडीला पिन आणि ग्राउंडमधे १०० नॅनोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं तो, दोन-पाच रुपयांची गोष्ट. आणि वायरी बदलल्या. आधी काय केलं होतं तर सगळ्या बटणांना एकच ग्राउंडची वायर या बटणावरून त्या बटणावर फिरवली होती, आणि तो सगळा जुडगा मॉनिटरच्या २३० व्होल्टच्या केबलबरोबर एकाच पट्टीने बांधला होता, दिसायला व्यवस्थित दिसतं म्हणून! आता जुनी लॅनची केबल वापरली. तिच्यात पिळलेल्या चार जोड्या असतात आणि माझी रंगीत बटणं चार, प्रत्येक जोडीत एक वायर सिग्नल एक ग्राउंड. पिळलेली जोडी असली की दोन्ही वायरींवर कचरा सारखाच येतो आणि बराचसा आपोआप कटतो. मेन्सची केबल पेटीच्या दुसऱ्या बाजूने नेली. प्रोग्राममधे पण एक कुंपण घातलं, पाच मिलीसेकंदांपेक्षा कमी काळ खाली राहिलेला दाब मोजायचा नाही. तीनशे नाही, पाच. हे मी आधी म्हणालो त्याच्या उलट वाटेल, आधी थांबून मग खरं मानणंच आहे हे, पण पाच मिलीसेकंद कोणाच्या बोटाला कळतात?

चौथ्या वेळेला फार वेळ लागला नाही. लॉगमधे दोन वेगवेगळी बटणं, शेजारशेजारची, ३० ते ६० मिलीसेकंदांच्या अंतराने. इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंधच नाही, पोरं तळव्याने दाबतात आणि मी ३० मिलिमीटरची बटणं ४० मिलिमीटरवर बसवली होती, एका तळव्याखाली दोन येणारच. मोठ्यांच्या पेटीवर बटणं जवळ असतात कारण तिथे एका हाताच्या चार बोटांनी खेळतात, आपल्याला इथे एक बुक्की एक उत्तर हवंय. नवीन फळी कापून मधलं अंतर ९० केलं. तोपर्यंतच्या आठवड्यात तात्पुरतं असं केलं होतं की दोन बटणं ६० मिलीसेकंदांच्या आत आली तर दोन्ही सोडून द्यायची आणि पडद्यावर "एकच दाबा" दाखवायचं, ते पोरांना आवडलं म्हणून तसंच ठेवलंय.

मधे एक भानगड विजेची पण होती, ती या तक्रारीत मोडत नाही पण शोधताना दिशाभूल करते म्हणून सांगतो. टाळ्या वाजल्या की कधी कधी अख्खा पाय रीस्टार्ट व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसली की समजायचं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलंय. टर्मिनलमधे व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड ही कमांड दिली आणि उत्तर सगळं शून्य नसेल, शून्य एक्स ५०००५ किंवा ५०००० असं काही आलं, तर वीज कमी पडतेय किंवा मधे कधीतरी पडली होती. मी मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक केबल वापरत होतो, मल्टिमीटर लावला तर चार्जरपाशी ५.१ आणि पायपाशी ४.६, अर्धा व्होल्ट केबल खाऊन टाकतेय. त्यावर स्पीकरचा छोटा अँप्लिफायर पण त्याच पाच व्होल्टवर. अँप्लिफायरला वेगळा अडॅप्टर दिला, पायला चांगला अडीच अँपचा आणि आखूड जाड केबल. आणि गावात वीज जाते, कधीही जाते, त्यामुळे एसडी कार्ड एकदा खराब होऊन गेलं, तेव्हापासून रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. फक्त त्यात मेख अशी की तुमचा लॉग पण रीस्टार्टला गायब होतो, तो पेनड्राइव्हवर लिहा. मी एक अख्खा सोमवारचा लॉग असा घालवला.

ज्यांनी पायच्या पिना न वापरता यूएसबीचा एनकोडर बोर्ड घेतलाय त्यांना बाउन्स आणि घंटेचा त्रास कमी होईल, पण रांगेचा घोळ तुमच्याकडेही असणार कारण तो प्रोग्राममधला आहे. शिवाय त्या स्वस्तातल्या बोर्डांवर टर्बो आणि ऑटोचे वेगळे कनेक्टर असतात, चुकून बटण तिथे लागलं की मशीनगनसारखं आपोआप दाबत राहतं, ओळखायची खूण म्हणजे लॉगमधे सगळी अंतरं अगदी सारखी येतात, माणूस एवढं तालात दाबत नाही. आणि एखादं बटण दाबल्यावर नाही तर सोडल्यावर काम करत असेल तर मायक्रोस्विचवर एनओ (दाबल्यावर जुळणारं टोक) ऐवजी एनसी (दाबल्यावर तुटणारं टोक) वर वायर लावलीय, स्विचच्या अंगावर छापलेलं असतं, चष्मा लावून बघा. स्विच उलटासुलटा बसला की हे हमखास होतं, माझं पिवळं पहिल्या दिवशी असंच होतं.

परत न्यायच्या आधी घरी एक परीक्षा घेतली. पेटी चालू ठेवली, गेम प्रश्नावर थांबवला, आणि शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणून पेटीपासून हातभर अंतरावर, भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डात लावून, पाच मिनिटं चालू-बंद चालू-बंद करत बसलो. ड्रिलच्या मोटरमधे कार्बन ब्रश असतात, त्या ठिणग्या घंटेपेक्षा वाईट. शेजारचे काका दारात येऊन विचारून गेले की भिंत कुठे पाडताय. दुरुस्तीआधी याच परीक्षेत मिनिटाला वीसेक भुतं आली होती, आता लॉग रिकामा. कोरा. मग मुलाला बसवलं आणि म्हटलं प्रत्येक बरोबर उत्तरानंतर मनसोक्त बडव, दोनशे गणितं, एकही उत्तर आपोआप गेलं नाही, त्याची तीन चुकली ती त्याचीच, दोन त्यातली तेराच्या पाढ्यात.

पेटी आता व्हरांड्यात आहे, घंटेखालीच, हलवली नाही मुद्दाम. बायको आता मागे लागलीय की पावकी, निमकी, दीडकी पण घाल, तर दीडचं चिन्ह पडद्यावर कसं दाखवायचं यात सध्या अडकलोय, मोबाइलवाल्या पोरांना १½ वाचताच येत नाही असं दिसतंय. आणि ती चौथीतली मुलगी रोज खेळते. मशीन आता खोटं बोलत नाही हे तिला सांगून झालंय, बाईंनी सांगितलंय, मी स्वतः जाऊन सांगितलंय, तरी बटण दाबलं की दोन्ही हात पाठीमागे बांधूनच उभी राहते.